दिवाडीचा बांध

गेल्या श्रावणात जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने आम्ही मांडवी ओलांडली व दिवाडी बेटावर उतरलो. टेकडीवरील पिएदादच्या चर्चपाशी उभे राहताच खाली हिरवीगार शेते आणि त्यांना वेढणारी नदी दृष्टीस पडली. पाहणाऱ्यास वाटावे, ही सपाट भूमी प्रारंभापासून अशीच असावी. परंतु खरा प्रकार निराळा आहे.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि नद्यांच्या मुखांकडील दऱ्या बुडाल्या. म्हणूनच मांडवीत भरती दूरवर आत शिरते. घाटातून वाहून आलेला गाळ तेथे साचला, त्यावर खारफुटी रुजली. येथवर काम निसर्गाचे. पुढे मनुष्याने चिखल, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून खारे पाणी अडविले आणि दलदलीचे शेत केले. हेच खाजण.

बांधात जागोजाग 'मानस' असते. त्याची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाने मातीतील क्षार धुतले गेले म्हणजे खारेपणा सोसणारे कोरगुट भात येथे पिकते.

बांधावर एक वृद्ध शेतकरी भेटले. आम्ही विचारले, "बाबा, हा बांध राखतो कोण?"

ते म्हणाले, "पूर्वी गावकारी राखीत असे. खेकड्याने पाडलेले भोकदेखील लागलीच बुजवीत. आता ज्याचे शेत पडीक, तो इकडे फिरकत नाही. पण पाणी काय, शेत कुणाचे हे विचारून आत येते?"

त्यांनी बोट दाखविले तिकडे बांधाला खिंडार पडले होते आणि पलीकडच्या शेतात खारफुटीची रोपे डोलत होती. एकदा खारे पाणी शिरले की ती जमीन पुन्हा भाताजोगी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात. बोलता बोलता म्हाताऱ्यांनी वाकून चिखलाचा गोळा उचलला आणि पायाजवळच्या भोकात दाबून बसविला.

परतताना भरती चढत होती. वाचकहो, पूर्वजांनी समुद्राकडून उसनी घेतलेली ही भूमी. तिचे ऋण प्रत्येक पिढीने मूठमूठ चिखलाने फेडावे लागते, एवढे आम्ही त्या बांधावर शिकलो.