मुलांपाशीं बसण्याची रीत

वर्गांत गोष्ट सांगतांना आम्ही मध्येंच थांबलों, कीं कांहीं मुलें 'मग पुढें?' म्हणून विचारतात व कांहीं नुसतीं पाहत राहतात. विचारणाऱ्यांच्या घरीं रात्रीं कोणीतरी त्यांच्यापाशीं बसून बोलत असतें, हें आम्ही ओळखतों.

असा वेळ पैशानें येतो, ही समजूत निम्मीच खरी आहे. दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीस गेलेलें जोडपें अंधार असतांनाच कोयता घेऊन फडांत शिरतें. तान्हें मूल बांधावर झोळींत, थोरलें गांवीं आजीपाशीं! 'मुलांकडे लक्ष द्या' असें त्यांस सांगण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परंतु ज्यांस रविवारची सबंध दुपार मोकळी, असेहि बाप आम्ही पाहतों. जुन्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचें मूल मांडीवर घेण्याची पुरुषास लाज वाटे. आजा गेला, वाडा गेला, ती लाज मात्र उरली. फी वेळेवर भरणाऱ्या अशा बापास मुलाशीं बोलावें काय, हेंच सुचत नाहीं. लहानपणीं त्याच्याशींहि कोणी बोललेलें नसतें.

परंतु ही रीत एका पिढींत पालटूं शकते. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें. रमाबाई १८५८ सालीं जन्मल्या. त्या शिकण्याजोग्या झाल्या तेव्हां शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते, म्हणून तें काम आईकडे आलें. कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडणारें. दिवसा लक्ष्मीबाईंस उसंत कोठली? त्या उजाडण्यापूर्वीं मुलीस उठवीत व पाठ देत. पुढें दुष्काळांत आईबाप वारलीं. पाठ केलेली विद्या तेवढी राहिली. तिच्याच बळावर १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं रमाबाईंस 'पंडिता' म्हटलें, आणि १८८७ सालचें आपलें इंग्रजी पुस्तक रमाबाईंनीं आईच्याच स्मृतीस अर्पण केलें.

लक्ष्मीबाईंस ही विद्या माहेराहून आली नव्हती, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें. कारण 'आम्हांला वाचतां येत नाहीं, मुलांजवळ बसून काय करावें?' असें विचारणारे पालक आमच्याकडे येतात. मुलांकडून धडा वाचवून घ्या व ऐका, एवढेंच आम्ही सांगतों. एक माउली रात्रीं भाकऱ्या थापतांना तसें करूं लागली आहे. अक्षर तिला ठाऊक नाहीं, पण मुलीचें अडखळणें नेमकें कळतें. भाकरी तव्यावर टाकीत ती म्हणते, 'पुन्हा वाच बघूं.'