फळ्याशी बोलणारे गुरुजी

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात आमचं खोडाळा आहे. इथला पाऊस म्हणजे पाऊसच! शाळेच्या पत्र्यावर कोसळू लागला, की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. अशाच एका दिवसाची ही गोष्ट.

तिसरीच्या वर्गात मी घसा फोडून सांगत होतो, "पुस्तकं मिटा, वह्या काढा!" कुणाला काही कळेना. सगळे एकमेकांकडे बघू लागले. एकीने मात्र चटकन वही काढली. आणि गंमत म्हणजे, तिलाच कमी ऐकू येतं!

दुसरीपासून मीच तिला शिकवतो. तिला पहिल्या रांगेत बसवलं, की आपलं काम झालं असं मला वाटे. तिला काही विचारलं, की तिची मैत्रीणच उत्तर देई आणि मी पुढे जाई. प्रगतिपुस्तकात तर 'अबोल आहे' असा शेरा मारून मी मोकळा झालो होतो.

पाऊस ओसरल्यावर मी विचारलं, "तुला कसं गं कळलं?" मैत्रीण तोंड उघडणार, तोच मी तिला हाताने थांबवलं. थोडा वेळ गेला. मग ती अडखळत म्हणाली, "तुमचे ओठ दिसले. आज तुम्ही आमच्याकडं बघत होता. रोज फळ्याशी बोलता."

वर्ग हसला. मी मात्र वरमलो. लिहिता लिहिता, मुलांकडे पाठ करून बोलायची माझी सवय! तिचा अर्धा धडा रोज हरवत होता आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मुलांनो, हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न नाही. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. दिव्यांग मुलांना आपल्याविषयीच्या गोष्टींत मोकळेपणाने मत मांडता यावं आणि त्यासाठी योग्य ती मदत मिळावी, अशी जबाबदारी त्याच्या चौथ्या कलमाने सरकारवर टाकली आहे. मग शाळेने त्यांचं ऐकायला नको?

आता मी आधी लिहितो, मग वळून बोलतो. वर्गात एका वेळी एकानेच बोलायचं, हा नियम तर तिनेच सुचवला.

तुमच्या वर्गातही कुणाला कमी दिसत असेल, कुणी बोलताना अडखळत असेल. त्यांच्या वतीने उत्तर द्यायची घाई करू नका. त्यांनाच विचारा आणि थांबा. आईबाबांनो, तुम्हीसुद्धा बरं का!

परवा मी पुन्हा विसरलो आणि फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो. लगेच पहिल्या बाकावर पेन्सिल वाजली, टक टक!