मॉरिशसला कधी जावं?

आमच्या ग्रुपमध्ये कुणी मॉरिशसचं नाव काढलं की, "कधी जाऊ?" हा प्रश्न माझ्याकडे येतो. कारण मी तिथे दोनदा गेलोय, एकदा चुकीच्या वेळी आणि एकदा बरोबर वेळी.

चुकीची वेळ म्हणजे जानेवारी २०१८. नुकतंच लग्न झालं होतं, सुट्टी मंजूर होती आणि इंदुरात हाडं गोठवणारी थंडी होती. समुद्रकिनारी ऊन खायला जाऊ, एवढाच विचार. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० अंशांवर आहे, हे शाळेत शिकलो होतो. पण त्याचा तिकिटाशी संबंध असतो हे डोक्यात आलं नाही. आपला जानेवारी म्हणजे त्यांचा भर उन्हाळा, आणि तिथला उन्हाळा हाच पावसाळा. नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा हंगाम, त्यात जानेवारी ते मार्च सगळ्यात बेभरवशाचे. आमच्या मागोमाग बर्गिटा नावाचं वादळ तिकडे आलं.

तिथे वादळाचे इशारे चार पायऱ्यांचे असतात. तिसरा लागला की दुकानं, बस, सगळं बंद. चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झाले. आमचं तिसऱ्यावर भागलं. दोन दिवस खोलीत बसून पाव-जॅम खाल्ला आणि आडवा पाऊस पाहिला. "यापेक्षा महेश्वरला गेलो असतो," असं बायको म्हणाली. ते वाक्य घरात अजून अधूनमधून निघतं. हॉटेलवाले मात्र शांत होते, बाल्कनीतल्या खुर्च्या आत आणून ठेवताना आम्हालाच धीर देत होते. त्यांच्यासाठी हे दरवर्षीचंच.

दुसऱ्यांदा जायचं ठरलं ते २०२३ मध्ये, आई-बाबांना घेऊन. बाबांना सत्तरी लागली होती आणि वर्षभरापूर्वी अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टर हो म्हणाले. पुन्हा एवढा लांबचा प्रवास होईल का, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण या वेळी पाव-जॅम खाऊन परत यायचं नव्हतं. म्हणून मी इंजिनिअर लोक करतात तेच केलं. एक्सेल शीट उघडली. पाऊस, तापमान, वारा, भाडं, मुलीची शाळा, माझी रजा, प्रत्येकाला एक रकाना.

शीट भरताना कळलं की "मॉरिशसचा सीझन" असं काही एक नसतं. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब, पण मध्ये पठार आहे आणि आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात. ते पूर्व किनाऱ्यावर आदळतात, पठारावर पाऊस सांडतात आणि पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडे होतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेला बेल मारच्या वाळूवर वाऱ्याने डोळ्यांत रेती जाते, त्याच दिवशी पश्चिमेच्या फ्लिक-आं-फ्लाकला लोक निवांत पोहत असतात. मधल्या क्युरपिप शहरात दोन्हीकडे ऊन असताना भुरभुर चालू. तेव्हा महिन्याआधी किनारा ठरवा. मे ते ऑक्टोबर त्यांचा हिवाळा, म्हणजे किनाऱ्यावर दिवसा आपल्या फेब्रुवारीसारखं. पाणी मात्र बऱ्यापैकी गार, बावीस-तेवीस अंश. सगळ्यात कोरडा महिना ऑक्टोबर.

आपल्या सुट्ट्यांचं म्हणाल तर मे महिना फार चांगला. वादळं आटोपलेली, समुद्र अजून उबदार, वारा सुरू व्हायचा असतो. आणि आपण मात्र मेमध्ये हटकून मनालीच्या गर्दीत शिरतो. दिवाळीची सुट्टीही उत्तम, तिथेही दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते. नाताळात लिची आणि लालभडक गुलमोहर बघायला मिळतो, पण दर चढलेले असतात आणि घाम फुटतो. जानेवारीबद्दल सांगून झालंय.

तर शीटचं उत्तर आलं, ऑक्टोबर. मी तिकिटं बघायला लागलो आणि आमच्या प्रोजेक्टवरच्या एका सहकाऱ्याला सहज सांगितलं. तो मॉरिशसचाच, तिथल्या एबेनच्या ऑफिसात बसतो. आडनाव मराठी, बोलणं इंग्रजीत नाहीतर फ्रेंचमध्ये. म्हणाला, ऑक्टोबरात कशाला, गणपतीत या, आमच्याकडे. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर राबायला मुंबई बंदरातून जी कोकणी माणसं गेली, त्यांच्या वंशजांपैकी तो. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे मला त्याच्याकडून कळलं.

बाबा ठाम नाही म्हणाले. "घरचा गणपती सोडून?" आमच्याकडे दीड दिवसाचा असतो आणि तो बाबांनी एकदाही चुकवलेला नाही. हा रकाना शीटमध्ये नव्हता. तीन दिवस घरात विषय निघाला नाही. मग धाकट्या काकांचा फोन आला, मूर्ती या वर्षी आमच्याकडे बसवू. आईने परस्पर केलेलं होतं ते. बाबांनी न बोलता भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि म्हणाले, श्रावण अधिक आहे, गणपती १९ सप्टेंबरला येतायत. मला एकदम उजेड पडला. चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी आली तर तिकडे वाऱ्याचे दिवस, पण अधिक महिन्याच्या वर्षी ती सप्टेंबरच्या मध्याकडे सरकते, तेव्हा वारा मंदावतो आणि पाऊसही कमी. शीट आणि पंचांग तीन आठवड्यांच्या अंतरावर आले. काय हवं आणखी?

मुंबईहून सहा-सात तासांचं विमान, व्हिसा आधी काढावा लागत नाही. सहकाऱ्याचं घर पठारावर, वाकोआला. बाबांनी बॅगेत हाफ स्वेटर टाकला तेव्हा मी हसलो होतो. वाकोआत उतरलो तर धुकं आणि रिमझिम, बाबांच्या अंगात स्वेटर आणि मी हातांच्या घड्या घालून कुडकुडत.

घरात सगळे क्रिओल बोलत होते. पत्र्याच्या छपराखाली मखर, समोर मोदक. आरती सुरू झाली आणि ती मराठी होती. तरुण पोरं मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहिलेली वाचत होती, आजींना पाठ होती. आजींनी मध्येच एक कडवं घेतलं, जे आमच्या घरी घाईत नेहमी गाळलं जातं. बाबा थांबले, मग त्यांच्या मागून म्हणू लागले. आमची चार वर्षांची मुलगी, जी घरी "जेवलीस का" विचारलं तर "हाँ, खा लिया" म्हणते, ती टाळ्या वाजवत शेवटचा शब्द पकडत होती.

नंतर आईने आजींना, आपण सगळेच विचारतो तो प्रश्न विचारला, "तुमचं गाव कुठलं?" आजींना प्रश्न कळला नाही. नातवाने क्रिओलमध्ये सांगितल्यावर हसून म्हणाल्या, "रत्नागिरी." पुढे? पुढचं ठाऊक नाही. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जहाजांतून आलेल्यांची जुनी दप्तरं आहेत, तिथे शोधायचंय, असं नातू म्हणाला. आईने विषय बदलला. परतताना गाडीत म्हणाली, "मी विचारायलाच नको होतं." मी काही बोललो नाही. इंदुरात आम्हीही गाव विचारलं की देवरुखजवळ एवढंच सांगतो. तिथे शेवटचं कोण गेलं होतं, हे बाबांनाही आठवत नाही.

तिथली सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाची. फ्लिक-आं-फ्लाकला स्वच्छ ऊन होतं. बाहेर प्रवाळाचा बांध असल्याने पाणी बरंच आतपर्यंत कमरेएवढंच, लाटा नाहीत. मूर्ती घेऊन माणसं लांबवर चालत गेली. मागे वाळूवर ढोलकी आणि झाकरीचा फेर चालू होता. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मी थांबवायच्या आत पाण्यात उतरले. पाणी थंड होतं. परत आले तेव्हा दात वाजत होते आणि पहिला प्रश्न होता, "पुढचा अधिक महिना कधी?"

मी बघून ठेवलंय. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला. काकांना अजून विचारलेलं नाही.