गाडीला ताप

माणसाला ताप आला की औषध सांगणारे चार-पाच जण तरी भेटतात. गाडीला ताप आला की रस्त्याने जाणारा प्रत्येक जण धन्वंतरी होतो. त्यातून गाव परभणी, महिना मे आणि पारा 44 अंशांवर, म्हणजे मग विचारायलाच नको.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे पोरंसोरंही छाती फुगवून म्हणतात. तिचा समाधानकारक अर्थ मला अजून कुणी सांगितलेला नाही; पण मोटारीच्या तापापुरता तो लागतो. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नावाच्या जर्मन बाईंनी नवऱ्याने तयार केलेली मोटार त्याला न सांगता बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी निघाल्या. अंतर शंभरेक किलोमीटर. त्या गाडीचं इंजिन थंड राहायचं ते पाण्याची वाफ होऊन. त्यामुळे बाई वाटेत दिसेल तिथे पाणी भरत गेल्या. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास असा पाणी मागत मागत झाला. जर्मनी आणि परभणी यांत मला तरी एवढंच साम्य सापडलं आहे.

आमची गाडी सेकंडहँड. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. गावात गुणी बाळासारखी चालायची. मोंढ्यात अर्धा तास खोळंबली तरी काटा जागचा हलत नसे. परंतु भाचीच्या लग्नाला जिंतूरला निघालो आणि झरीच्या अलीकडेच काटा लाल रेघेला टेकला. मुहूर्त 12 वाजून 36 मिनिटांचा. लग्नात मामाला फारसा अधिकार नसतो, पण मंगलाष्टकांच्या आधी ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे’ असा पुकारा होतो, तेवढ्या एका मिनिटापुरता तो लागतोच. शिवाय भाचीला एकच मामा.

बॉनेट उघडायच्या आत माणसं जमली. इतक्या उन्हात ती कुठून येतात हे एक कोडंच आहे. दूधवाला म्हणाला, पंखा गेला. टेंपोवाला म्हणाला, “थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्या हवेत काय करायचंय त्याला?” एका निवृत्त गुरुजींनी पेट्रोलमधल्या भेसळीपासून सुरुवात करून राजकारणापर्यंत मजल मारली. मतभेद कितीही असले तरी रेडिएटरचं झाकण उघडायचं यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. एक जण तर खांद्यावरचा पंचा झाकणावर टाकून तयारच होता. आत पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या पुढे जाऊनही ते उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम तोंडावर उसळतं. त्या सद्गृहस्थाला मागे ओढताना माझा लग्नाचा सदरा त्याच्या हातात यायचा राहिला.

शेवटी परभणीच्या मिस्त्रीला फोन लावला. सगळ्या मंडळींत औषध न सांगता आधी प्रश्न विचारणारा हा एकटा.

“कवा तापायलीय? उभी असताना का पळताना?”

“पळताना.”

“मग पंखा नाही. पळत्या गाडीला वाराच पंखा घालतो. डब्यात पाणी दिसायलंय का?”

“आहे. अर्ध्यावर.”

“खाली गळती?”

“नाही.”

“सायलेन्सरमधून पांढरा धूर? ऑइलची पट्टी काढून बघा, दुधाच्या चहासारखं झालंय का?”

धूर नव्हता. ऑइल कोऱ्या चहासारखं काळं होतं.

“मंग हेड गॅस्केट शाबूत हाय. रेडिएटर चोंदलाय. गावात इंजिनला काम कमी, तेवढी उष्णता तो कसाबसा काढतो. जोरात पळवली की पुरा पडत नाही. अर्धा तास थंड होऊ द्या, मंग चाळीसच्या वर जाऊ नका. एसी बंद करा आन् हीटर फुल लावा.”

मला वाटलं, ऊन मिस्त्रीलाही लागलं. पण त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. हीटर म्हणजे आतल्या बाजूला बसवलेला दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो आपल्या अंगावर फेकतो. गाडीचा ताप उतरतो, फक्त तो आपल्याला चढतो.

“बाहेर चव्वेचाळीस आणि आत हीटर!” सौ. म्हणाल्या. शालू नेसलेल्या बाईने यापेक्षा जास्त काही न बोलणं हा मी तिचा मोठेपणाच समजतो. पुढचा रस्ता आम्ही एखाद्या भट्टीत बसून केला. काटा मात्र हळूहळू खाली आला. बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं नाही, एवढाच काय तो मान राहिला.

मांडवात शिरलो तेव्हा 12 वाजून 29 मिनिटं झाली होती आणि पुकारा चालूच होता. भाचीला घेऊन निघालो तर कपाळावरून, डोळ्यांवरून, नाकाच्या शेंड्यावरून घामाच्या धारा. मागून कुणीतरी म्हणालं, “मामांना केवढं गहिवरून आलंय बघा!” त्यावर दोन-तीन आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावले. मी काहीच खुलासा केला नाही. भाचीने तर माझा हात असा काही घट्ट धरला, की निम्मा घाम त्यानंतर खराच डोळ्यांतून आला असावा.

दोन दिवसांनी मिस्त्रीने रेडिएटर खोलून दाखवला. बारीक नळ्यांत पांढरा दगड बसलेला. गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच.

“आधीच्या मालकानं बोअरचं पाणी पाजलंय हिला,” तो म्हणाला. “क्षार साचत्यात. आता डिस्टिल्ड वॉटर आन् कूलंटच घाला.”

सौ. तो पांढरा थर बराच वेळ निरखत उभ्या होत्या.

“म्हणजे हे पाणी गाडीलासुद्धा चालत नाही?”

“नाही ताई.”

“आणि आम्ही बारा वर्षं तेच पितोय!”

त्या संध्याकाळी घरात दोन बिलं आली. एक रेडिएटरच्या साफसफाईचं आणि एक पाण्याच्या फिल्टरचं. मोठं बिल फिल्टरचं होतं.