घडीतला शेजार

साहित्याच्या वाचकाला ‘संहिता’ हा शब्द नवा नाही; प्रथिनांची रचना शिकू लागलो तेव्हा तोच आमच्या मदतीला आला. वीस अमिनो आम्लांची वर्णमाला आणि त्या वर्णांची एक सलग ओळ. मात्र ही ओळ नुसती डावीकडून उजवीकडे वाचून भागत नाही. ती स्वतःभोवती दुमडते. ओळीत शंभर स्थाने दूर असलेले दोन वर्ण घडीत एकमेकांना खेटून बसतात, आणि प्रथिनाचे कार्य त्या शेजारातून निघते.

आमची पदवी रसायनशास्त्राची, व्यसन कवितेचे. नोकरी सांभाळून रात्री शिकता येईल असा पदव्युत्तर अभ्यासक्रम लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयाचा मिळाला. १८२३ साली कामकरी वर्गाच्या शिक्षणासाठी निघालेली, संध्याकाळच्या वर्गांसाठी ख्यात असलेली ही संस्था. तिने १९९५ मध्येच हा विषय आंतरजालावर आणला होता. रोझलिंड फ्रँकलिन १९५३ नंतर विषाणूंच्या रचनेवर काम करीत होत्या, त्या इथेच.

दूरस्थ शिक्षणात सहाध्यायी नसतात ही तक्रार खरी आहे. पण पडद्यावरचा रेणू मध्यरात्री हवा तितका वेळ फिरवीत बसण्याचे सुख वर्गात कुठले?

सर्वांत रमलो ते रामचंद्रन आलेखात. १९६३ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी साधा प्रश्न विचारला: साखळीतील प्रत्येक दुव्यापाशी दोन कोन मोकळे आहेत, तर त्यांना किती मोकळीक आहे? उत्तर असे की फारच थोडी. आलेखाचा बहुतेक भाग रिकामा, कारण तिथे अणू अणूवर आदळतो. वृत्तांचे नियम कुणीतरी घालून दिलेले असतात. इथले नियम केवळ जागेच्या अडचणीतून आलेले. ग्लायसीनला तेवढी अधिक सूट, कारण त्याची बाजूची शाखा म्हणजे नुसता एक हायड्रोजन. (मात्रा कमी असलेल्या शब्दाला ओळीत कुठेही जागा मिळते, तसे.)

आता ओळीवरून घडीचे भाकीत यंत्र करते. ‘अल्फाफोल्ड’च्या कर्त्यांना २०२४ चे नोबेलही मिळाले. मग माणसाने हे वाचन शिकावे कशाला, असे मित्र विचारतात. आम्ही त्यांच्यापुढे सिकलसेलचे उदाहरण ठेवतो. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांत हा आजार परका नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ वर्ण. सहाव्या स्थानी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच पाठभेद. त्याने रेणूची स्वतःची घडी जवळजवळ बदलत नाही. एकट्या रेणूचे चित्र कितीही अचूक असले तरी त्यात आजार दिसायचा नाही.

तो दिसतो दोन रेणू शेजारी ठेवल्यावर. व्हॅलिन पृष्ठभागावर आहे आणि त्याला पाणी नकोसे. प्राणवायू सोडलेल्या शेजारच्या रेणूवर एक खळगा उघडतो, त्यात ते नेमके बसते. मग तिसरा रेणू, चौथा; दोर वळला जातो, रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. रुग्णाच्या सांध्यांत उठणारी कळ इथून निघते.