फ्रँक विल्यम्स मला चुकीचा कळला

फॉर्म्युला वन शर्यतींतल्या विल्यम्स संघाचा मालक फ्रँक विल्यम्स याच्यावरच्या माझ्या पहिल्या लेखात मी त्याला ‘कोरडा माणूस’ ठरवून मोकळा झालो होतो. दाखले हाताशी होते. १९९२मध्ये त्याच्या संघाचा चालक नायजेल मॅन्सेल जगज्जेता झाला आणि त्याच मोसमाअखेर संघाबाहेर पडला. १९९६मध्ये डेमन हिल विजेतेपदाच्या दारात उभा होता, तेव्हाच पुढच्या वर्षी त्याला जागा नाही हे ठरून गेलं होतं. हे सगळं मी विल्यम्सच्या भरभराटीच्या काळातल्या मुलाखतींतून उचललं.

पुढे सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश मोटार-मासिकांचा एक गठ्ठा हाती लागला. त्यातला विल्यम्स वेगळाच. पैशांची कायम ओढाताण, तरी बोलण्यात दांडगा उत्साह. १९७०मध्ये झांडफोर्टला त्याच्याच संघाच्या गाडीत पिअर्स करेज हा त्याचा जिवलग मित्र शर्यतीत मरण पावला. १९७६मध्ये संघाचा मोठा हिस्सा वॉल्टर वोल्फ या उद्योजकाकडे गेला. मी लगेच दुसरा लेख लिहिला: दारिद्र्याने आणि दुःखाने हा माणूस कठोर झाला. वाचकांना तो आवडला. माझी मोठी चूक मात्र हीच.

त्या जुन्या मुलाखती मी रोजनिशीसारख्या वाचल्या होत्या. प्रायोजक शोधत फिरणारा मालक मासिकाशी बोलतो, तेव्हा उद्या पैसे देऊ शकेल अशी एखादी कंपनीही ते वाचणार, हे त्याला पक्कं माहीत असतं. तो उत्साह खोटा नव्हता, पण तो याचनेचाही भाग होता. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

खरा विल्यम्स त्याच अंकांच्या मागच्या पानांवर, शर्यतींच्या निकालांत होता. ती पानं मी नुसती उलटली होती. १९७३चा मोसम बघा. एका गाडीत हाउडन गॅनली बहुतेक वेळ कायम; दुसऱ्या गाडीत नॅनी गॅली, जॅकी प्रिटोरियस, गिस व्हॅन लेनेप, टिम शेंकन आणि शेवटी अमेरिकेत जॅकी इक्स. चालक येणार आणि जाणार, हे या संघात पहिल्यापासूनच गृहीत होतं. त्यासाठी मॅन्सेलपर्यंत थांबायची गरज नव्हती आणि दुःखाचं कारण शोधायचीही नव्हती.

त्याने धरून ठेवला तो अभियंता. १९७७मध्ये डिडकॉटला, गालिच्यांच्या एका जुन्या गोदामात त्याने पॅट्रिक हेडला घेऊन नव्याने सुरुवात केली. पहिल्या मोसमात दुसऱ्या कंपनीची, मार्चची गाडी पळवली. १९७८मध्ये हेडने आखलेली गाडी आली आणि १९७९मध्ये सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीने पहिला विजय मिळवून दिला. मोसम संपल्यावर रेगाझोनीही गेला. हेड पुढची तीस वर्षं राहिला.

हिलशी तो जसा वागला ते योग्य होतं, असं मला आजही वाटत नाही. पण माझ्या दोन्ही लेखांत हेडचं नाव जेमतेम एकेकदा आलं होतं. तिसरा लेख मी तिथूनच सुरू केला.