कोरी ओळ म्हणजे शून्य नव्हे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आडत चालविणाऱ्या अण्णांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालण्यास सांगितले. पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या मुलाने त्यांच्या मनगटावर एक घड्याळ बांधले. किती चालणे झाले, नाडी किती पडली, झोप किती लागली, या सर्वांची नोंद ते आपोआप ठेवीत असे. पुढे मुलाने त्या नोंदींना एक एआय एजंट जोडला. साध्या भाषेत प्रश्न विचारावा आणि त्याने नोंदी चाळून उत्तर द्यावे, अशी ती सोय होती.

आठवड्याचा हिशेब विचारला की उत्तर ठीक येई. एके दिवशी सकाळी आठ वाजता मुलाने प्रथमच विचारले, "आज अण्णा चालले का?" उत्तर आले, "आज चालणे झालेले नाही." दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. मुलाने फोन करून अण्णांना बोल लावले. अण्णा म्हणाले, "अरे, मी पहाटे चालून आलो." मुलगा म्हणाला, "अण्णा, नोंद तसं सांगत नाही." अण्णा गप्प झाले. ज्यांच्या तोंडी शब्दावर पेठेत लाखांचा माल उचलला जाई, त्यांच्या शब्दावर घरच्या मुलाने विश्वास ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घड्याळ काढून कपाटात ठेवले.

मुलगा अस्वस्थ झाला आणि जुन्या नोंदी काढून बसला. एका रविवारी अण्णा उशिरा, साडेसहाला बाहेर पडले होते. ते चालणे बरोबर त्याच तारखेला दिसत होते. मग बाकीची कुठे गेली? तीही होती, पण आदल्या दिवसाच्या खात्यावर. नोंदी जागतिक प्रमाणवेळेत साठविल्या जात होत्या आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. अण्णा पावणेपाचला निघत व सव्वापाचला परतत. प्रमाणवेळेनुसार तेव्हा आदल्या रात्रीचे सव्वाअकरा ते पावणेबारा वाजलेले असत. आठवड्याच्या बेरजेत हा फरक झाकला जाई, एका दिवसाच्या उत्तरात मात्र तो उघडा पडला.

अशा एजंटला नोंदी थेट दिसत नाहीत. त्याच्या हाती काही टूल्स दिलेली असतात. प्रत्येक टूलला एक नाव, त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता आणि एक वर्णन असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही हीच मांडणी आहे. कोणते टूल केव्हा वापरावे आणि हाती आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावावा, हे एजंट मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवितो. मुलाने घाईत एवढेच लिहिले होते: "दिलेल्या तारखेच्या चालण्याची माहिती देते." कोणत्या वेळेची तारीख, हे त्यात नव्हते. काहीच न सापडल्यास काय समजावे, हेही नव्हते. एजंटने आपल्या परीने अर्थ लावला आणि तो ठामपणे सांगितला.

मुलगा शनिवारी सांगलीस आला. त्याने अण्णांची क्षमा मागितली आणि झालेला घोटाळा समजावून सांगितला. अण्णांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "नव्या दिवाणजीला कीर्द सोपवताना आपण काय सांगतो? आकडा क्विंटलचा की पोत्यांचा, ते आधी सांगतो. आणि कोरी ओळ म्हणजे शून्य नव्हे, हेही सांगतो. दुकान बंद असेल तर 'दुकान बंद' असं लिहावं लागतं. तुझ्या दिवाणजीला हे कोणी सांगितलं?"

त्या रात्री मुलाने प्रथम टूलच दुरुस्त केले, कारण चुकीच्या मापाला चांगली चिठ्ठी लावून माप सुधारत नाही. त्यानंतर वर्णन नव्याने लिहिले: "एका दिवसातील चालण्याच्या नोंदी देते. तारीख भारतीय वेळेनुसार द्यावी. अंतर मीटरमध्ये आणि कालावधी सेकंदांत असतो. झोप किंवा नाडीसाठी हे टूल वापरू नये. नोंद न मिळाल्यास चालणे झाले नाही असे समजू नये. घड्याळ हातात नसेल किंवा नोंद अजून पोहोचली नसेल. अशा वेळी 'नोंद मिळाली नाही' एवढेच सांगावे आणि त्या व्यक्तीला विचारण्यास सुचवावे."

अण्णांनी ते वाचून मान डोलावली आणि कपाटातले घड्याळ पुन्हा मनगटावर चढविले.

पंधरा दिवसांनी एका सकाळी पुण्यात उत्तर आले: "आजची नोंद मिळाली नाही. अण्णांना विचारून पाहावे." मुलाने फोन केला. या वेळी त्याने आरोप केला नाही, फक्त विचारले. अण्णा हसून म्हणाले, "चाललो रे. घड्याळ मात्र चार्जिंगला राहिलं."

मुलाने ते मान्य केले. नोंदीपेक्षा त्याला तो शब्द पुरेसा होता.